ओढायची करवत, ढकलायची करवत

गेल्या अंकातील सुतारकामावरील लेखात जपानी करवतींचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर मराठवाड्यातून इतकी पत्रे आली की या वेळचे प्रश्नोत्तरांचे सदर केवळ करवतींसाठी राखून ठेवले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. गच्चीवरच्या खोलीत पाट, चौरंग, पुस्तकांची मांडणी अशा वस्तू हौसेने करतो. माझ्याकडे एक साधी हातकरवत आणि पाठीवर पोलादी पट्टी असलेली एक टेनन सॉ आहे. जपानी करवत हाती धरली की पुन्हा आपल्या करवतीकडे पाहवत नाही, असे अनेकांकडून ऐकले. दोहोंत नेमका फरक काय, आणि मी ती घ्यावी काय? (वाचक, उदगीर)

उत्तर : पाश्चात्त्य करवत ढकलताना कापते आणि जपानी करवत ओढताना कापते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते, पण बाकीचे सगळे फरक या एकाच गोष्टीतून कसे निघतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. शाळेतली पोलादी फूटपट्टी एका टोकाला धरून भिंतीवर दाबून पाहावी. ती लगेच बाक धरते. तीच पट्टी दोन्ही टोकांना धरून ताणली तर कितीही पातळ असली तरी सरळ राहते. ढकलून चालणाऱ्या करवतीचे पाते असे बाक धरू नये म्हणून ते जाड ठेवावे लागते, नाहीतर आपल्या टेनन सॉप्रमाणे त्याच्या पाठीवर पितळेची किंवा पोलादाची पट्टी चढवावी लागते. ओढून चालणाऱ्या पात्याला ही अडचण नसल्यामुळे ते पातळ ठेवता येते. २६ इंची साध्या हातकरवतीचे पाते सुमारे ०.८ ते ०.९ मिमी जाड असते आणि दात आलटूनपालटून डावीउजवीकडे वाकवलेले असल्यामुळे, म्हणजे सेट दिलेला असल्यामुळे, तिने पाडलेली चीर सव्वा मिलिमीटरच्या आसपास रुंद होते. २४० मिमी लांबीच्या जपानी करवतीचे पाते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, आणि जोडकामाच्या बारीक करवतीचे पाते तर ०.३ मिमी इतकेच असते. चीर निम्मी झाली की भुसा करावयाचे लाकूडही निम्मे होते. हात कमी थकतो तो त्यामुळे.

जपानी करवतींपैकी तीन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे. र्‍योबा दुधारी असते. तिच्या एका कडेला लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने ते चिरण्याचे आणि दुसऱ्या कडेला ते आडवे कापण्याचे दात असतात. ही दुधारी करवत फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मेइजी काळात ती रूढ झाली. दोझुकीला पाठपट्टी असते आणि ती कुसू, डव्हटेल (कबुतराच्या शेपटीच्या आकाराचा सांधा) अशा जोडकामासाठी असते. काताबा एकधारी व बिनपाठीची असल्यामुळे कितीही खोल जाऊ शकते. यांखेरीज लाकडी खुंटीचे वर आलेले टोक पृष्ठभागाशी सपाट कापणारी, सेट नसलेली कुगीहिकी हीसुद्धा मोठी सोयीची वस्तू आहे, पण ती नंतर घेतली तरी चालते.

ढकलून चालणारी करवत म्हणजेच पाश्चात्त्य परंपरा, असे मानणेही पूर्णपणे बरोबर नाही. युरोपातील सुतारांनी शतकानुशतके लाकडी चौकटीत ताणून बसवलेले पातळ पाते वापरले, कारण ताण दिला की जाडीची गरज उरत नाही. चौकट नसलेली रुंद पात्याची करवत चांगले पोलादी पत्रे मिळू लागल्यावर पुढे आली. शेफिल्डमध्ये बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत वितळवलेले पोलाद तयार केले, पुढे फिलाडेल्फियात हेन्री डिस्टन यांनी १८४० मध्ये करवतींचा कारखाना काढला आणि १८७४ मध्ये डी-८ ही पाठीकडून किंचित आत वळलेली करवत बाजारात आणली. आपल्या आयटीआयमध्ये शिकवली जाते ती करवत याच घराण्यातली आहे. आपल्या देशातल्या सुतारांच्या जुन्या करवतींमध्ये मात्र मुठीकडे दात असलेल्या, ओढून चालणाऱ्या करवती होत्या; जमिनीवर बसून, पायाने फळी दाबून काम करणाऱ्या माणसाला ओढणे ढकलण्यापेक्षा सोयीचे पडते. त्यामुळे ओढीची करवत पाहून आपल्याकडच्या वृद्ध कारागिराला नवल वाटले नाही, तर त्यात आश्चर्य नाही.

आता आपण ती घ्यावी काय, याविषयी. जपानी करवतीने भारावून गेलेल्या दहांपैकी आठ जणांनी, माझ्या मते, नव्या कोऱ्या धारेची तुलना अशा करवतीशी केलेली असते जिला दुकानातून आणल्यापासून कानस लागलेली नाही. आपल्या बाजारात मिळणारी साधी करवत पुष्कळदा नीट धार न लावताच विकली जाते, आणि घेणारा तिला आहे तशीच वापरू लागतो. म्हणून आधी आपली टेनन सॉ जाणत्या माणसाकडून लावून, म्हणजे धार काढून, घ्यावी, सागवानाच्या एकाच तुकड्यावर महिनाभर तिचा हात बसवावा आणि मग निर्णय करावा. त्यानंतरही हौस उरली, आणि ती उरेल असे मला वाटते, तर २१० किंवा २४० मिमी लांबीची, पाते बदलता येणारी एक र्‍योबा घ्यावी. पाट-चौरंगाच्या कामाला ती उत्तम आहे. तीन-चार करवतींचा संच एकदम घेऊ नये. त्यातील दोन खिळ्यालाच टांगून राहतात.

प्रश्न : मी व्यवसायाने सुतार आहे. आमच्याकडे अजून औतांची, बैलगाडीची कामे येतात. मुलाच्या आग्रहाने एक जपानी दुधारी करवत मागवली. खिडकीच्या सागवानी चौकटीला ती सुरेख चालली, पण वखराच्या रुमण्यासाठी बाभळीचे लाकूड कापायला घेतले तर पहिल्याच दिवशी सलग चार-पाच दात तुटले. विक्रेत्याने वापर चुकीचा झाला म्हणून हात वर केले. माल खोटा होता की माझा हात? (वाचक, सेलू तालुका, जि. परभणी)

उत्तर : माल खोटा असेलच असे नाही, आणि आपला हातही खोटा नाही, लाकूड आणि दात यांची जोडी चुकली. जपानी करवतीचा विकास झाला तो सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी लाकडांच्या संगतीत. सुगीचे वजन घनमीटरला सुमारे ३८० किलो भरते, हिनोकीचे त्याहून थोडे जास्त. आपले सागवान सुमारे ६५० किलोंचे, आणि वाळलेली बाभूळ ८०० च्या वर. शिवाय बाभळीची रेषा सरळ चालत नाही, पीळ घेते, आणि गाठीपाशी तर ती दगडच होते.

दात जवळून पाहिल्यास कारण उघड होते. पाश्चात्त्य करवतीचा दात हा तिकोनी कानशीच्या साठ अंशांच्या कोनातून घडलेला असतो. म्हणून तो बसका, रुंद पायाचा असतो. जपानी करवतीचा आडकापाचा दात उंच आणि निमुळता असतो, त्याला दोन बाजूंच्या धारांशिवाय टोकावर तिसरी तिरपी धार असते, आणि त्यामुळेच तो तंतू इतके स्वच्छ तोडतो की कापलेल्या टोकाला रंधा मारायची गरज वाटत नाही. त्यातच आजच्या, बदलता येणाऱ्या पात्यांचे दात विजेच्या उच्च वारंवारितेने क्षणभर तापवून कमालीचे कठीण केलेले असतात. कठीण पोलाद लवत नाही, तुटते. उंच, निमुळता आणि न लवणारा दात बाभळीच्या पिळात आडवा अडकला आणि परतीच्या वेळी हाताने सवयीप्रमाणे पुढे जोर दिला, की तो मोडणारच. ढकलण्याची सवय पक्की असलेल्या हातून असे हमखास होते, कारण जोर द्यायची वेळच उलटी असते.

कठीण लाकडासाठी वेगळे दात पाडलेल्या जपानी करवती तयार होतात. त्यांचे दात आखूड आणि कमी आक्रमक असतात. तरीही बाभूळ, खैर, धावडा यांच्यासाठी मी आपल्याला त्या सुचवणार नाही. औताच्या कामाला इंचाला पाच ते सात दातांची जाड पात्याची करवतच योग्य. तिचा दात गाठीवर आपटून बोथट होईल, पण संध्याकाळी दोन हात कानस मारली की पुन्हा उभा राहील. बाभूळ पूर्ण वाळण्याआधी, थोडी ओल असतानाच ढोबळ मापात कापून ठेवण्याची पद्धत आपल्याला माहीत असेलच; ती सोडू नये. आणि तुटक्या दातांची करवत टाकून देऊ नका. एखाददुसरा दात गेल्याने काही बिघडत नाही. सलग चार गेले आहेत तर तेवढ्या भागात पाते झटका देईल. तो भाग टोकाकडे असेल तर आखूड ओढ घेऊन सागवानाच्या चौकटीसाठी ती अजून वर्षभर सहज चालेल. दुसरी कड तर शाबूत आहेच.

प्रश्न : किनवट भागात सागवान मिळते, कामही भरपूर आहे, पण करवत लावून देणारे म्हातारे कारागीर आता उरले नाहीत. (१) जपानी करवतीला आपल्या तिकोनी कानशीने धार लावता येते काय? (२) नसेल तर साधी करवत स्वतः लावायला शिकता येईल काय? (वाचक, किनवट, जि. नांदेड)

उत्तर : कोणती करवत घ्यावी, याचा निकाल माझ्या दृष्टीने याच प्रश्नावर लागतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा नकारार्थी आहे. पात्याच्या कडेला दातांच्या टोकांवर निळसर-काळपट पट्टा दिसत असेल तर ते दात वर सांगितलेल्या रीतीने कठीण केलेले आहेत. खात्री करायची असेल तर मुठीजवळच्या शेवटच्या दातावर कानस हलकेच टेकवून पाहावी; ती चावण्याऐवजी काचेवरून घसरावी तशी घसरली, तर तिथेच थांबावे, नाहीतर कानसच बाद होईल. बाजारात हल्ली मिळणाऱ्या प्लास्टिकच्या मुठीच्या पुष्कळशा पाश्चात्त्य करवतीही याच जातीच्या असतात, त्यामुळे 'पाश्चात्त्य म्हणजे धार लावता येणारी' हे समीकरण आता उरलेले नाही. अशा करवतीचे पाते बोथट झाले की जपानी प्रकारात नुसते पाते बदलता येते आणि मूठ तीच राहते, तर या स्वस्त करवती सगळ्याच टाकाव्या लागतात. जुने पाते मात्र फेकू नये. त्याचे हातभर नव्हे तरी वितभर तुकडे करून लाकूड खरवडण्याचे उत्तम पत्रे होतात.

हाताने घडवलेल्या जपानी करवती वेगळ्या. त्यांचे दात कानशीला वश असतात, पण तिकोनी कानस त्यांच्या अरुंद खाचेत बसतच नाही. त्यासाठी पात्यासारखी चपटी, दोन्ही कडांना धार असलेली खास कानस लागते, आणि एकेका दाताच्या तीन धारा सारख्या राखणे हे जपानमध्येही सामान्य सुतार करत नाही. त्यासाठी मेतातेशी म्हणून वेगळे कारागीर असतात आणि ह्योगो प्रांतातील मिकीसारख्या हत्यारांच्या गावांत ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. किनवटला बसून त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. त्यासाठी एखादी जुनी, दातांची टोके काळपट नसलेली हातकरवत शोधावी. गावात कुणाच्या तरी माळ्यावर गंजलेली सापडते. पाते सरळ आहे एवढे डोळ्याजवळ धरून पाहून घ्यावे, वरचा गंज केरोसीन आणि बारीक पॉलिश पेपरने निघतो. दोन सरळ फळ्यांमध्ये पाते असे आवळावे की दात फळ्यांच्या वर जेमतेम अर्धा इंच राहतील. जास्त वर राहिले तर कानस किंचाळते आणि दातांवर नाचते. हा आवाज आला की पाते आणखी खाली उतरवावे.

प्रथम सपाट कानस दातांच्या टोकांवरून लांबीच्या दिशेने एक-दोनदा हलकेच फिरवावी. त्यामुळे सगळे दात एका उंचीवर येतात आणि प्रत्येक टोकावर एक चकाकणारा ठिपका उमटतो. ज्या दातावर ठिपका मोठा तो उंच होता, ज्याच्यावर अजिबात नाही तो बसलेला. त्यानंतर सेट द्यावा. पकडीसारखे सेट देण्याचे हत्यार हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळते. दाताचा केवळ वरचा अर्धा भाग वाकवावा. मुळापासून वाकवला तर दात तुटतो किंवा पात्याला पोक येतो. वाळलेल्या सागवानाला सेट कमी हवा, ओल्या लाकडाला जास्त. चीर पात्याच्या जाडीच्या दीडपटीपलीकडे गेली तर करवत डोलते. मग तिकोनी कानस खाचेत बसवून एकाआड एक खाच एका बाजूने, आणि पाते फिरवून उरलेल्या खाचा दुसऱ्या बाजूने घासाव्यात. चिरण्याच्या करवतीत दाताची पुढची कड जवळजवळ उभी असते आणि कानस पात्याला काटकोनात चालते. आडकापाच्या करवतीत ती कड सुमारे १५ अंश मागे झुकलेली असते आणि कानस काटकोनापासून २० ते २५ अंश तिरपी धरतात, म्हणजे प्रत्येक दात लहानशा सुरीच्या टोकासारखा उतरतो. प्रत्येक खाचेला सारखेच हात मारावेत आणि नजर त्या चकाकणाऱ्या ठिपक्यावर ठेवावी. ठिपका नाहीसा झाला त्या क्षणी थांबावे. पुढचा एकच हात दाताला शेजाऱ्यापेक्षा बुटका करून जातो.

पहिल्यांदा चिरण्याच्या, मोठ्या दातांच्या करवतीवर हात बसवावा, कारण तिथे तिरप्या कोनाची भानगड नाही. सागवानात वाळूतल्यासारखे सिलिकेचे कण असतात आणि ते धार लवकर खातात, त्यामुळे आपल्या भागात नेमून दिलेल्या दिवशी करवत लावण्याऐवजी कापताना हाताला जडपणा जाणवला की लावावी. जोडकामाच्या बारीक कापांसाठी पाते बदलता येणारी एखादी जपानी करवत सोबत ठेवायला हरकत नाही. दोन्ही घराणी एका भिंतीवर सुखाने नांदतात. मात्र केवळ जपानी करवतीच घेऊन बसलात, तर पाते येण्याची वाट पाहत काम खोळंबेल.

प्रश्न : मी अंबाजोगाईची गृहिणी आहे. लाकडी खेळणी आणि लहान पेट्या करते. घरात कामाचे टेबल नाही, जमिनीवर बसूनच करते. जपानी दोझुकी घेतली, ती हलकी आहे, पण काप नेहमी डावीकडे सरकतो, आणि तासाभराने मनगट दुखते. (वाचक, अंबाजोगाई, जि. बीड)

उत्तर : जमिनीवर बसून काम करणे ही अडचण मानू नका, ही करवत अशाच बैठकीसाठी घडलेली आहे. एक हातभर लांबीचा, चार बोटे उंचीचा ठोकळा घ्यावा, त्याच्या एका कडेला आडवी पट्टी ठोकावी आणि लाकूड त्या पट्टीला टेकवून ठेवावे. पट्टी ओढीच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडच्या बाजूला हवी. टेबलावरच्या पाश्चात्त्य ठोकळ्यात ती पलीकडे असते, आणि तसाच ठोकळा आणून ओढीच्या करवतीखाली वापरला तर लाकूड दर ओढीला आपल्या अंगावर येते.

काप सरकण्याची कारणे दोन असू शकतात. एका बाजूचा सेट जास्त असेल तर करवत त्या बाजूला ओढ घेते; पण नवी दोझुकी असेल तर हे क्वचित घडते. दुसरे आणि नेहमीचे कारण म्हणजे मूठ घट्ट आवळणे. मूठ आवळली की मनगट नकळत एका अंगाला वळते आणि ०.३ मिमीचे पाते निमूटपणे तिकडे झुकते. जाड पाते अशा वेळी विरोध तरी करते. मूठ टोकाकडे, सैल धरावी, मनगट सरळ ठेवून हालचाल कोपरातून आणि खांद्यातून करावी, आणि परतीच्या वेळी पात्याला त्याच्या वजनानेच जाऊ द्यावे. मनगटाचे दुखणेही त्यानेच बहुधा थांबेल. न थांबल्यास मात्र डॉक्टरांना दाखवावे. बसताना उजवा खांदा, कोपर आणि पाते एका रेषेत आले पाहिजेत, आणि नाक पात्याच्या बरोबर वर हवे, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात.

सुरुवात कशी होते त्यावर पुढचा काप ठरतो. खूण पेन्सिलीने न करता धारदार सुरीने, गुण्या (काटकोन तपासण्याचे हत्यार) लावून चारही अंगांवर करावी. ज्या बाजूचे लाकूड टाकायचे आहे त्या बाजूने पटाशीने सुरीच्या रेघेपर्यंत एक बारीक तिरपी कपची काढावी. त्यामुळे एक उभी भिंत तयार होते आणि पाते तिला टेकून बसते. डाव्या अंगठ्याच्या नखाचा आधार देऊन मुठीजवळच्या दातांनी दोन-तीन आखूड, बिनजोराच्या ओढी घ्याव्यात, आणि चीर लागल्यावरच पात्याची पूर्ण लांबी वापरावी. एका अंगाने सरळ खाली उतरण्याऐवजी थोडे कापून लाकूड फिरवावे आणि शेजारच्या अंगावरून त्याच चिरेत उतरावे. चारही बाजूंची रेघ पात्याला वाट दाखवते. काप सरकू लागलाच तर पाते पिळून त्याला रेघेवर आणण्याचा प्रयत्न करू नये, कारण पातळ पात्याला एकदा घडी पडली की ती जात नाही. लाकूड उलटून दुसऱ्या अंगाने नवी चीर घ्यावी.

ओढीच्या करवतीचा एक उणेपणा आपल्या लक्षात आला असेलच : भुसा आपल्याकडे येतो आणि रेघ झाकतो. त्यावर फुंकर मारत राहण्याखेरीज उपाय नाही.

प्रश्न : माझी मोसंबीची बाग आहे. छाटणीसाठी र्‍योबा वापरता येईल काय? (वाचक, जालना)

उत्तर : वापरू नये. ओल्या फांदीचा भुसा बारीक दातांत चिकटून बसतो आणि पाते चिरेत आवळले जाते. आपल्याकडे छाटणीची जी वक्र, आत वळलेल्या दातांची करवत आहे तीही ओढूनच कापते, आणि ओल्या लाकडासाठी लागणारे मोठे दात तिला असतात. जपानी बनावटीचीच हवी असेल तर छाटणीच्या वेगळ्या करवती मिळतात, त्या घ्याव्यात.

प्रश्न : वाळूजच्या कारखान्यांतून निघणाऱ्या पॅकिंगच्या पेट्यांचे पाइन लाकूड स्वस्तात मिळते. त्यासाठी आणि प्लायवुडसाठी कोणती करवत बरी? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : पाइन हे सूचिपर्णी, हलके लाकूड असल्यामुळे येथे जपानी करवत आपल्या घरी असल्यासारखी चालते; आडवा काप इतका गुळगुळीत येतो की पाश्चात्त्य करवतीने तसा काढायला इंचाला बारा-तेरा दातांची, नुकती लावलेली टेनन सॉ लागेल. लांब फळ्या चिरायच्या असतील तर मात्र मोठ्या दातांच्या हातकरवतीने, फळी गुडघ्याएवढ्या घोडीवर ठेवून आणि अंगाचे वजन वापरून काम लवकर उरकते. र्‍योबाने फार खोल चिरू नये, कारण वरच्या कडेचे दात चिरेत उतरून कापलेल्या भिंती ओरखडतात. प्लायवुडला र्‍योबाची आडकापाची कड चांगली. थरांच्या कपच्या कमी उडतात, पण गोंदाच्या थरांनी धार लवकर जाते, म्हणून त्यासाठी उतरलेले जुने पाते वेगळे ठेवावे.

पॅकिंगच्या लाकडात खिळे तुटून आत राहिलेले असतात. फळीवरून आधी जोरदार चुंबक फिरवावे आणि जिथे ते ओढ घेईल तिथे खडूने खूण करावी. खिळ्यावर गेलेली साधी करवत पुन्हा लावता येते. जपानी पात्याचे तेवढे दात कायमचे जातात. फळीवरचा शिक्काही पाहावा. त्यात 'एचटी' असेल तर लाकडावर उष्णतेची प्रक्रिया झालेली असते; 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची, आणि अशा लाकडाची खेळणी किंवा स्वयंपाकघरातल्या वस्तू करू नयेत.

प्रश्न : पावसाळ्यात करवतीला गंज चढतो. घरातले कोणते तेल लावावे? (वाचक, हिंगोली)

उत्तर : जपानमध्ये कॅमेलियाच्या बियांचे तेल वापरतात, आपल्याला शिलाई यंत्राचे पातळ तेल पुरते. करडई आणि जवस आपल्या घरोघरी असतात म्हणून पुष्कळजण तेच लावतात, परंतु ही दोन्ही वाळणारी तेले आहेत. पात्यावर त्यांचा पिवळट, चिकट पापुद्रा जमतो आणि करवत लाकडात अडखळू लागते. जवसाचे तेल लाकडी मुठीला मात्र अवश्य द्यावे, आणि जास्तीचे लगेच पुसून घ्यावे. खोबरेल हिवाळ्यात थिजते, तरी अडीअडचणीला चालेल. काम संपल्यावर भुसा ब्रशने झटकून मग तेलाचे बोट फिरवावे, कारण दातांच्या खाचांत राहिलेला भुसा ओल धरून ठेवतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. जपानी करवतीचे पाते पुसताना फडके पाठीकडून दातांकडे न्यावे. दातांच्या रेषेवरून लांबीला फिरवले तर फडके अडकते आणि बोटही कापते.